आमच्याकडे तर काहीच गळत नाही

गळतीतला मूळ घोटाळा असा की ती असते वरच्याची आणि दिसते खालच्याला. ज्याच्याकडून पाणी जातं त्याची लादी कोरडी ठणठणीत, खिडकीला सुगंधी वडी टांगलेली, सगळं कसं छान. ज्याच्याकडे येतं त्याच्या छताला पोपडे. त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत लीकेजची तक्रार घेऊन वर गेलात की दार उघडल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्याकडे तर काहीच गळत नाही!" आणि गंमत म्हणजे ते खोटं नसतं.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. इमारत 1987 सालची, चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्यावर. लीकेज सुरू झालं फेब्रुवारीत. महिना मुद्दाम सांगतेय, कारण पुढे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी छताकडे न बघताच "पावसाचं असेल" असं निदान केलं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस 11 जूनच्या सुमारास येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास जातो. फेब्रुवारीत कुठला पाऊस? त्यातून आमच्या डोक्यावर गच्ची नाही, दोन बिऱ्हाडं आहेत. पण पावसाचं म्हटलं की कोणालाच काही करावं लागत नाही, फक्त थांबावं लागतं.

बाथरूमच्या छताला आधी गीझरच्या पुढे पिवळट डाग आला. मग रंग फुगला. मग त्यातून पांढरी पावडर सुटायला लागली, ती आंघोळ करताना खांद्यावर पडायची. आणि एके दिवशी थेंब. आम्ही खाली बादली ठेवली. बादलीतला टपटप आवाज दिवसा ऐकू येत नाही, पण रात्री अकरानंतर शेवटच्या खोलीपर्यंत पोचतो. त्यावर सासूबाईंनी उपाय काढला. भांडी घासायचा जुना स्पंज बादलीत टाकायचा, थेंब त्याच्यावर पडतो आणि आवाज मरतो. हा उपाय कोणाला लागला तर जरूर वापरा, फक्त स्पंज अधूनमधून सरकवावा लागतो, तो कडेला जाऊन बसतो.

थोड्याच दिवसांत आम्हाला त्या थेंबांचं वेळापत्रक कळायला लागलं. पहाटे बंद. साडेसातच्या सुमाराला सुरुवात, म्हणजे वरचा मुलगा आंघोळ करून ऐरोलीला निघाला. साडेआठला जोर, म्हणजे काकांची आंघोळ आणि त्यापाठोपाठ कपडे. दुपारी मंदावायचं. शनिवारी सकाळी मात्र धार लागायची, वरच्या आजींचा तो केस धुण्याचा दिवस. माणसं जिन्यात भेटायच्या आधी त्यांच्या आंघोळी आम्हाला माहीत असायच्या. एकदा काका तीन दिवस गावाला गेले होते, ते आम्हाला बादलीवरून कळलं. अशी माहिती असणं शोभत नाही, पण करणार काय?

मधल्या काळात माझ्या नवऱ्याने या पाण्याची कुंडली मांडली. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. त्यातलं अप्पर वैतरणा, मोडक सागर आणि तानसाचं पाणी नाशिक-ठाण्याकडच्या डोंगरांतून शंभरेक किलोमीटरची वाट बहुतांशी नुसत्या उताराने तोडून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात पोचतं. तिथून आमच्या तळटाकीत. पुढे पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, एवढंच काय ते माणसाने करायचं. मग ते परत स्वतःच्या वजनाने उतरतं आणि शेवटचे दहा फूट आमच्या छतातून येतं. "ब्रिटिशांनी तानसा बांधला 1892 मध्ये," नवरा म्हणाला, "त्यांनाही वाटलं नसेल इतक्या आतपर्यंत पोचेल म्हणून." नवऱ्याचा या प्रकरणातला सहभाग बराच काळ एवढाच होता.

वर जायचं काम माझ्याकडे आलं. तक्रार करायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सासूबाईंनी डब्यात अळूवड्या दिल्या. वरच्या काकूंनी डबा घेतला, आत नेऊन ठेवला, पाणी विचारलं, मग मी विषय काढला.

"आमच्याकडे तर काहीच गळत नाही गं."

"काकू, तुमच्याकडे नाही, आमच्याकडे गळतंय."

"तेच म्हणतेय मी. आमच्याकडे असतं तर आम्हाला दिसलं नसतं का?"

मग त्यांनी मला त्यांचं बाथरूम दाखवलं. निळ्या आठ बाय आठच्या टाइल्स, कडेला पांढरी पट्टी, सगळं लख्ख घासलेलं. मी ते बघून "वा" म्हटलं, दुसरं काय म्हणणार? खाली येऊन एकदा बघा म्हटलं तर गुडघे दाखवले. काकूंचे गुडघे खरंच दुखतात, त्याबद्दल शंका नाही. पण त्यामुळे त्या शेवटपर्यंत खाली आल्या नाहीत आणि आमचं छत त्यांच्यासाठी ऐकीव गोष्टच राहिलं. डबा मात्र दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू घेऊन परत आला. संबंध चांगले असले की भांडणही नीट करता येत नाही.

पुढची पायरी सेक्रेटरी. "वहिनी, लेखी द्या," ते म्हणाले. लेखी दिलं. पोच घेतली. मग कमिटीची मीटिंग होईपर्यंत थांबले. मग कमिटी पाहणीला आली. आमचं बाथरूम सहा बाय चार आहे. त्यात पाच पुरुष मान वर करून उभे, सहावा दाराबाहेरून "दिसतंय का काही?" विचारतोय, आणि नेमका त्या वेळी थेंब बंद. दुपारचे साडेबारा वाजले होते, मी आधीच सांगितलं होतं की सकाळी या. पण सकाळी कमिटीच्याही आंघोळी असतात. चहा झाला, बिस्किटं झाली, "डाग तर दिसतोय" असा निष्कर्ष निघाला.

खरा वाद पुढे होता. आतली गळती की बाहेरची? सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी आहेत त्यांत हे बरंच स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांतून पाणी आलं तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतलं, म्हणजे बाथरूमची लादी, आतले नळ, आतला ट्रॅप (सांडपाणी जायची जमिनीतली जाळी आणि तिच्याखालचं भांडं), हे त्या सभासदाच्या खर्चाने. हे वाचून दाखवताना खजिनदारांचा चेहरा इतका उजळला की लीकेज आतलंच आहे हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. वरच्या काकांनी मात्र मान्य केलं नाही. त्यांच्या मते बाहेरचा सामाईक पाइप भिंतीतून झिरपतोय. तो पाइप आमच्या बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "पाणी कुठूनही कुठेही जातं." हेही खरंच आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यथासांग सल्ले आले. आतून व्हाइट सिमेंट भरा. वरून टाइल्सच्या फटी इपॉक्सीने भरा, तोडफोड नको. एकांनी आमच्या छताला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग ठोकायला सांगितलं, म्हणजे दिसणारच नाही. हा शेवटचा सल्ला हसण्यावारी न्यायचा नाही, कारण तो मुंबईत सर्रास अमलात येतो. पण वर सळया असतात. पाणी स्लॅबमध्ये मुरलं की सळयांना गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. आमच्या बादलीत एका सकाळी थेंबांबरोबर चपटा, बोटाएवढा सिमेंटचा तुकडा सापडला. तो मी कागदात गुंडाळून सेक्रेटरींना नेऊन दिला. अर्जापेक्षा त्या तुकड्याने जास्त काम केलं. दोन दिवसांत सोसायटीच्या खर्चाने प्लंबर आला, निदानापुरता.

प्लंबर ओडिशाचा, केंद्रपाड्याकडचा. त्या जिल्ह्यातली माणसं देशभर प्लंबिंगचं काम करतात, पट्टामुंडाईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. या प्रकरणात पहिल्यांदाच कोणीतरी छताकडे बघायच्या आधी मला प्रश्न विचारले. पाणी चोवीस तास सारखं येतं का? नाही. वापरलं की लगेच येतं? लगेच नाही, जरा वेळाने. वापर थांबला की लगेच थांबतं? तेही नाही, रेंगाळतं. "तो फिर सप्लाय का पाइप नहीं है भाभी," तो म्हणाला. नळाच्या पाइपात कायम पाणी असतं, तो फुटला तर रात्रंदिवस एकसारखं गळतं. सांडपाण्याचा सांधा गेला असेल तर वरून बादली ओतली की खाली लगेच. आणि रेंगाळत येणारं पाणी म्हणजे कोबा. माझं वेळापत्रक त्याने इतकं गंभीरपणे ऐकलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

कोबा म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप बसवतात, विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात, वर ढाळ काढतात आणि त्याच्यावर लादी. लादीच्या फटी झिजल्या, कोपऱ्यातला वाटा, म्हणजे भिंत आणि लादी सांधणारी सिमेंटची गोलाई, फुटला किंवा ट्रॅपची कड सुटली की पाणी त्या विटांत मुरत जातं. वर काहीच दिसत नाही. "कोबा माने रसगुल्ला," प्लंबर म्हणाला, "नहीं दबाओगे तब भी रस छोड़ेगा."

त्याने वर जाऊन रीतसर तपासण्या केल्या. आधी ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतलं, म्हणजे सांध्यातून गळत असेल तर आमच्याकडे रंग येईल. रंग माझ्या मुलाच्या होळीतल्या शिल्लक पुडीतला. मुलगा स्टूल घेऊन गुलाबी थेंबाची वाट बघत बसला. आला नाही, सांधे ठीक होते. मग ट्रॅपला कापडाचा बोळा कोंबून वरच्या लादीवर तेच रंगाचं पाणी इंचभर भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमची बादली नेहमीपेक्षा लवकर भरली, पण पाणी साधंच. वरच्या काकांना लगेच मुद्दा सापडला, "रंग नाही आला ना?" रंग विटांत गाळला जातो, हे त्यांना पटेना.

शेवटी प्लंबरने सरळ उपाय सुचवला. वरचं बाथरूम काही दिवस पूर्ण बंद ठेवा. खालचं गळणं कमी होत गेलं तर पाणी वरचंच.

"मग आम्ही आंघोळी कुठे करायच्या?" काकूंनी जिन्यातूनच विचारलं.

"आमच्याकडे करा," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

त्यांचं एक संडास वेगळं होतं, म्हणून निदान तेवढ्यावर भागलं. पण आंघोळीसाठी माणसं आमच्याकडे. आमची माणसं धरून एकाच बाथरूमपुढे रांग, आणि सकाळी प्रत्येकाला कुठली ना कुठली लोकल गाठायची. वरचा मुलगा साडेसातला टॉवेल खांद्यावर टाकून "काकू, रिकामं आहे का?" म्हणत यायचा. काका आंघोळीत स्तोत्र म्हणतात, ते आतापर्यंत छतातून पुसट ऐकू यायचं, आता दारातून स्पष्ट. काका पाच फुटांवर थेंब पडत असताना आंघोळ करून आले आणि काहीच बोलले नाहीत. आदल्या दिवशीपेक्षा थेंब कमी झालेला नाही, एवढं मात्र त्यांनी जाताना नोंदवलं. बाथरूम बंद करून एक रात्र उलटली तरी गळतंय, म्हणजे पाणी आमचं नाही! मी रसगुल्ल्याची उपमा दिली. ते चपला घालून निघून गेले.

मग आल्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, पण जिना कठडा धरून आपला आपण उतरतात. एका हातात तांब्याचा लोटा, त्यांना प्लास्टिकचा मग चालत नाही. शनिवार होता, केस धुवायचे होते. सासूबाईंनी पाट ठेवला, गरम पाणी काढून दिलं. तो पाट नेमका कुठे ठेवला हे सासूबाईंनी मुद्दाम केलं की जागाच तेवढी होती, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"अगो बाय माझे! ह्या काय? डोक्यार पाणी पडता मां!"

"आंघोळ करताय ना आजी!" मी बाहेरून म्हटलं.

"अगो, थंड! वरसून पडता!"

बाहेर आल्यावर ओल्या केसांना पंचा गुंडाळून आजी आमच्या हॉलमधल्या खुर्चीत बसल्या आणि चहा होईपर्यंत त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. कधीपासून? फेब्रुवारीपासून. मग सांगितलं का नाही? सांगितलं, काकूंना. लेखी पण दिलं. कमिटी आली होती. आजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात "खालच्यांचं काहीतरी चाललंय" एवढंच त्यांच्या कानावर होतं. चहा संपवून त्या लोटा घेऊन वर गेल्या. पुढची पंधरा मिनिटं छतातून जे काही आलं ते पाणी नव्हतं. अर्ध्या तासाने काका स्वतः खाली आले. "आई म्हणतेय काम करून घेऊ या," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मान वर करून छत नीट बघितलं. तोवर, तुमच्या माहितीसाठी, थेंब बऱ्यापैकी मंदावला होता.

प्रत्यक्ष कामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धूळ आणि आवाज कसा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन कोटेशनं आली, तिन्ही वेगवेगळ्या दुनियेतली. सोसायटीच्या नियमाने दुपारी दोन ते चार हातोडा बंद, रविवारी पूर्ण बंद. लिफ्ट नसल्याने फोडलेला कोबा गोणीत भरून तीन मजले पाठीवर उतरवायचा. त्या गोण्या इतक्या जड होत्या की भरताना एक माणूस आणि उचलताना दोन. मधे विटा फोडल्या तेव्हा काकांनी मला मुद्दाम वर बोलावून दाखवलं. वीट हातात घेतली तर ओली, बोटाने दाबली तर भुगा. आत कुठेकुठे होळीचा गुलाबी रंग होता. मी काही बोलले नाही, काकाही बोलले नाहीत, प्लंबरने तेवढं "देखा?" म्हटलं.

टाइल्सवरून मात्र वरच्या घरात जोरदार जुंपली. आजींना तीच निळी आठ बाय आठ हवी होती. ती आता कुठे मिळायची? दुकानात सगळा माल मोरबीहून आलेला, दोन बाय एक फुटाच्या पुढचा आणि राखाडी रंगाच्या सतरा छटा. शेवटी भिंतीला राखाडी आणि खाली पाय घसरू नये म्हणून खरखरीत मॅट असा तोडगा निघाला. नवा थर, त्यावर केमिकलचे हात, कोपऱ्यांना वाटा, आणि लादी बसवण्याआधी पाणी भरून दोन दिवस ठेवणं, हे सगळं झालं. त्या दोन दिवसांत आमच्या घरातली सगळी माणसं काहीतरी कारण काढून बाथरूममध्ये जाऊन वर बघून येत होती. एक थेंब नाही.

आमच्या छताचा प्रश्न उरला. पोपडे काढणं, सळया घासून त्यांना गंज न चढणारा रंग देणं, प्लास्टर, पेंटिंग, हे कोणी करायचं? सेक्रेटरी म्हणाले, तुमचं आपापसात ठरवा. काका म्हणाले, आमचं काम आम्ही केलं. मी लेखी द्यायच्या तयारीत होते, पण आजींनी वरून निरोप पाठवला, "नासाडी आपल्या पाण्यान केल्यान, पैसे आपणच देवक होये." पैसे आले. रंगाऱ्याने भिंत सुकायला पुरेसा वेळ मागितला आणि तो घेऊन, वर त्याचा स्वतःचा वेळ घेऊन, गणपतीच्या आधी एकदाचं काम संपवलं.

आजींना नवं बाथरूम आवडलेलं नाही. मॅट टाइल पायाला टोचते म्हणतात. शिवाय टाकी गच्चीवर असल्यामुळे जितकं खाली याल तितका पाण्याला जोर जास्त, आणि हा जोर त्यांनी आमच्याकडे अनुभवला आहे. त्यामुळे शनिवारी त्या लोटा घेऊन केस धुवायला खालीच येतात. सासूबाई खूश आहेत, दोघींचा चहा तासभर चालतो. मला आठवड्यातून एक दिवस उशिरा उठायला मिळायचं, तो दिवस आता सहा वाजता गीझर लावण्यात जातो.